तारा ग्रह कसा गिळतो: स्वतः हिशेब मांडून आणि वेळ टिपून समजून घेण्याची वाट

मे २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी या आकाश-सर्वेक्षणाच्या कॅमेऱ्यात गरुड तारकासमूहातला एक तारा उजळताना दिसला. सुमारे १२,००० प्रकाशवर्षांवरचा हा तारा दहा दिवसांत शंभरपटीहून जास्त तेजस्वी झाला आणि नंतर मंदावत गेला. किशलय डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षं त्याचा छडा लावला आणि मे २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष मांडला: ताऱ्याने आपला एक ग्रह गिळला होता. या घटनेचं नाव झेडटीएफ एसएलआरएन-२०२०. तारा ग्रह गिळत असतानाच पकडला गेल्याची ही पहिली नोंद.

अशा बातम्यांत ‘गिळला’ हा शब्द आला की एका घासात काम झालं असं वाटतं. खरं तर हा लाखो-कोट्यवधी वर्षं चालणारा देण्याघेण्याचा व्यवहार आहे. शेवटचे काही महिने तेवढे झगमगाटाचे. हा व्यवहार आकड्यांत मांडता येतो, आणि त्याला दहावीपर्यंतचं गणित पुरतं. शिवाय मध्यम दुर्बीण असेल तर एका बुडत चाललेल्या ग्रहाची वेळ महाराष्ट्रातल्या गच्चीवरूनही मोजता येते. आपण तिथपर्यंत जाऊ.

पायरी १: ग्रह निवडा आणि पाच आकडे लिहून घ्या

नासा एक्सोप्लॅनेट आर्काइव्ह हा तक्ता सगळ्यांना मोफत खुला आहे. त्यातून ताऱ्याचं वस्तुमान, ताऱ्याची त्रिज्या, ग्रहाचं वस्तुमान, ग्रहाची त्रिज्या आणि परिभ्रमणकाळ एवढंच उचला. पुढच्या पायऱ्यांसाठी मी वॅस्प-१२ बी घेतो. हा सारथी तारकासमूहातला, साधारण १,४०० प्रकाशवर्षांवरचा, २००८ मध्ये सापडलेला वायुग्रह. त्याच्या ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पट आणि त्रिज्या सुमारे १.६५ पट. ग्रहाचं वस्तुमान गुरूच्या १.४ पट, त्रिज्या मात्र १.९ पट. त्याचं वर्ष १.०९१४ दिवसांचं, म्हणजे २६ तास १२ मिनिटांचं.

शिकायला याच्यापेक्षा चांगला ग्रह मला माहीत नाही. बाकी बहुतेक ठिकाणी जे अनुमान आहे, ते इथे घड्याळाने मोजलेलं आहे.

पायरी २: ग्रह आत सरकणार की बाहेर, ते ठरवा

ग्रहाच्या ओढीने ताऱ्याच्या वायूला किंचित फुगवटा येतो, जशी चंद्रामुळे समुद्राला भरती येते. हा फुगवटा बरोबर ग्रहाच्या दिशेने राहिला असता तर काहीच घडलं नसतं. पण ताऱ्याच्या आतल्या घर्षणामुळे तो नेमका ग्रहाखाली राहत नाही. तारा स्वतःभोवती सावकाश फिरत असेल आणि ग्रह त्याच्याभोवती वेगाने, तर फुगवटा ग्रहाच्या मागे पडतो आणि ग्रहाला सतत मागे खेचतो. ग्रहाचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठा, ताऱ्याकडे जातो, कक्षा आकसते. उलट मध्यवर्ती गोल जास्त वेगाने फिरत असेल तर फुगवटा पुढे राहतो आणि जोडीदाराला बाहेर ढकलतो.

दोन्ही प्रकार आपल्या सूर्यमालेत आहेत. पृथ्वी २४ तासांत फिरते आणि चंद्राला प्रदक्षिणेला २७ दिवस लागतात, म्हणून चंद्र दरवर्षी ३.८ सेंटीमीटर दूर जातो. मंगळाचा फोबॉस मात्र मंगळाच्या एका दिवसात तीनदा फिरून येतो, म्हणून तो दर शतकाला साधारण १.८ मीटर खाली उतरतो आहे.

तेव्हा पहिली तपासणी सोपी: ग्रहाचं वर्ष ताऱ्याच्या दिवसापेक्षा लहान आहे का? सूर्य विषुववृत्तापाशी सुमारे २५ दिवसांत एकदा फिरतो. तसल्या ताऱ्याभोवती दोन-तीन दिवसांत फिरणारा ग्रह आत येणारच. प्रश्न उरतो तो किती वेळात एवढाच.

पायरी ३: अंतराला ताऱ्याच्या त्रिज्येने भागा

केप्लरचा तिसरा नियम वापरा. परिभ्रमणकाळ वर्षांत घ्या, त्याचा वर्ग करा, ताऱ्याच्या सूर्याच्या पटीतल्या वस्तुमानाने गुणा आणि घनमूळ काढा. उत्तर खगोलीय एककात (पृथ्वी ते सूर्य हे अंतर म्हणजे एक एकक) येतं. वॅस्प-१२ बी साठी १.०९१४ भागिले ३६५.२५ म्हणजे ०.००२९९ वर्ष. वर्ग करून १.४ ने गुणून घनमूळ काढलं की ०.०२३ खगोलीय एकक, म्हणजे जवळपास ३५ लाख किलोमीटर. ताऱ्याची त्रिज्या साडेअकरा लाख किलोमीटर. भागाकार तीन.

तीन म्हणजे किती जवळ, हे पृथ्वीशी ताडून पाहा. आपण सूर्यापासून त्याच्या २१५ त्रिज्यांवर आहोत. हा भागाकार एवढा महत्त्वाचा का? कक्षा आकसण्याचा वेग ताऱ्याच्या त्रिज्येच्या पाचव्या घातावर अवलंबून असतो. तारा दुप्पट फुगला की तेवढ्याच अंतरावरचा ग्रह ३२ पट वेगाने आत येऊ लागतो. म्हातारपणी फुगणारे तारे ग्रहांना धोकादायक ठरतात ते यामुळे. ताऱ्याचा पृष्ठभाग ग्रहापर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी भरतीच्या ओढीने ग्रहच खाली उतरायला लागलेला असतो.

पायरी ४: सबंध गिळला जाईल की आधीच फाटेल?

उत्तर घनतेत आहे. तारा ग्रहाची जवळची बाजू जास्त जोरात ओढतो आणि लांबची कमी. एका मर्यादेनंतर ग्रहाचं स्वतःचं गुरुत्व त्याला एकत्र धरू शकत नाही. ही रोशची मर्यादा. वर्षाच्या लांबीत ती मांडली की हिशेब फार सुटसुटीत होतो: १२.६ ला ग्रहाच्या घनतेच्या (ग्रॅम दर घनसेंटीमीटर) वर्गमूळाने भागा. येईल तो आकडा तासांत, आणि त्याहून लहान वर्ष असलेला ग्रह टिकत नाही. हे सूत्र द्रवासारखा आकार बदलणाऱ्या ग्रहासाठी आहे. ज्याचं बहुतेक वस्तुमान गाभ्यात एकवटलं आहे, तो थोडा आणखी आत तग धरतो.

गुरूची घनता १.३३, मर्यादा सुमारे ११ तास. पृथ्वीची घनता ५.५, मर्यादा साडेपाच तासांच्या आत. आता वॅस्प-१२ बी: १.४ ला १.९ च्या घनाने भागून १.३३ ने गुणलं की घनता येते ०.२७. मर्यादा २४ तास, आणि त्याचं वर्ष २६ तासांचं! म्हणजे तो उंबऱ्यावरच उभा आहे. ताऱ्याच्या ओढीने त्याचा आकार अंड्यासारखा लांबटलेला आहे आणि त्याच्या वातावरणातला वायू निसटतो आहे. २०१० मध्ये हबल दुर्बिणीच्या अतिनील निरीक्षणांत त्या निसटत्या वायूच्या खुणा मिळाल्या.

हाच हिशेब ताऱ्याच्या बाजूनेही करा. ग्रहाची घनता ताऱ्याच्या सरासरी घनतेपेक्षा साधारण १४ पटींनी जास्त असेल, तर रोशची मर्यादा ताऱ्याच्या पोटातच येते आणि ग्रह अखंड आत शिरतो. सूर्याची आजची सरासरी घनता १.४ आहे. तेव्हा आजच्या सूर्यात गुरूसारखा ग्रह अखंड शिरणं अशक्य. आधी त्याच्या चिंध्या होतील आणि त्यांचं कडं सूर्याभोवती फिरेल. पण हाच सूर्य शंभरपट फुगला की त्याची घनता दहा लाख पटींनी घटते. तेव्हा कुठलाही ग्रह सबंध आत जाईल. ‘गिळणं’ हा शब्द शोभतो तो अशा फुगलेल्या ताऱ्यांना.

पायरी ५: उरलेला वेळ काढा

वॅस्प-१२ बी चं वर्ष दरवर्षी २९ मिलिसेकंदांनी लहान होतंय. पोलंडमधल्या ग्राट्सियान मात्सिएव्हस्की यांच्या गटाला २०१६ मध्ये याची पहिली चाहूल लागली आणि २०२० मध्ये प्रिन्स्टनच्या सॅम्युअल यी आणि सहकाऱ्यांनी ते पक्कं केलं. वर्ष आहे ९४,३०० सेकंदांचं. त्याला ०.०२९ ने भागा: साडेबत्तीस लाख वर्षं.

बातम्यांत हाच आकडा येतो, पण तो आयुष्याचा आकडा नव्हे. ग्रह जवळ येईल तसा वेग वाढत जातो. ताऱ्याच्या आतलं घर्षण तेवढंच राहील असं धरलं, तर या आकड्याला ३/१३ ने गुणावं लागतं. उत्तर साडेसात लाख वर्षं. खगोलशास्त्राच्या मोजमापात हा ग्रह आता शेवटच्या घटका मोजतोय.

केप्लर-१६५८ बी हे दुसरं उदाहरण. त्याचं वर्ष ३.८५ दिवसांचं आणि ते दरवर्षी १३१ मिलिसेकंदांनी घटतंय. भागाकार २५ लाख वर्षं. त्याचा तारा म्हातारपणाकडे झुकून फुगू लागला आहे, आणि तिसऱ्या पायरीतला पाचवा घात इथे प्रत्यक्ष कामाला लागलेला दिसतो.

पायरी ६: बुडण्याचा क्षण आणि त्याच्या खुणा

ताऱ्याच्या पृष्ठभागाला टेकताना ग्रहाचा वेग प्रचंड असतो. सूर्यासारख्या ताऱ्यापाशी सेकंदाला ४३० किलोमीटरहून जास्त. तिथल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला दहा किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे ग्रहापुढे धक्क्याची लाट उठते, वायू तापतो, काही बाहेर फेकला जातो, आणि ग्रह चकरा मारत खोल जातो.

किती ऊर्जा? सूर्याच्या पृष्ठभागापर्यंत येताना गुरूएवढ्या ग्रहाने गमावलेली कक्षीय ऊर्जा सुमारे १.८ गुणिले १०चा ३८वा घात ज्यूल. सूर्य वर्षाला १.२ गुणिले १०चा ३४वा घात ज्यूल बाहेर टाकतो. भागाकार करा: पंधरा हजार वर्षांचा सूर्यप्रकाश. पृथ्वी गुरूच्या ३१८व्या हिश्श्याची, म्हणून तिच्या वाट्याला ४७ वर्षं. ही सगळी ऊर्जा एकदम दिसत नाही. मोठा भाग ताऱ्याच्या पोटातच जिरतो.

२०२० च्या घटनेकडे या आकड्यांसह पाहिलं की शोधकर्त्यांना उत्तर कसं सापडलं ते कळतं. सुरुवातीला संशय होता नोव्हाचा, म्हणजे श्वेतबटूवर (मेलेल्या ताऱ्याच्या दाट गाभ्यावर) साचलेल्या वायूच्या स्फोटाचा. तसं असतं तर भोवताली तप्त हायड्रोजन-हेलियम दिसायला हवा होता. केक दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटात (प्रकाशाच्या रंगांच्या विभागणीत) दिसले ते रेणू, जे फक्त थंड वायूत टिकतात. नंतर अवरक्त प्रकाशात पाहिलं, तर तिथे तारा ठसठशीत तेजस्वी: फेकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ झाली होती. निओवाइज या अवकाश दुर्बिणीच्या जुन्या नोंदी उलगडल्या, तर दृश्य उजेडाच्या काही महिने आधीपासूनच अवरक्त तेज वाढत होतं. दोन तारे एकमेकांत विलीन होताना असंच घडतं, पण इथली ऊर्जा तशा घटनांच्या हजारावा हिस्सा होती. गुरू सूर्याच्या जवळपास हजारावा हिस्सा आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की गिळलेली वस्तू तारा नसून ग्रह होता, हे उघड होतं.

पुढे २०२५ मध्ये रायन लाऊ यांच्या गटाने जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून आधीच्या कथेचा एक भाग बदलला. तारा फुगून ग्रहापर्यंत पोहोचला असं आधी वाटत होतं. पण अवरक्त तेजावरून तारा अजून तांबडा राक्षसी (म्हातारपणी प्रचंड फुगलेला तारा) झालेलाच नव्हता. ग्रहच हळूहळू खाली उतरला होता, म्हणजे वॅस्प-१२ बी ज्या वाटेवर आहे त्याच वाटेने. आता ताऱ्यालगत कार्बन मोनॉक्साइड असलेल्या तप्त वायूचं कडं आहे आणि बाहेर थंड धुळीचा ढग.

पायरी ७: गिळून झाल्यावर उरलेला पुरावा

सूर्यासारख्या ताऱ्यात वायूची घुसळण फक्त बाहेरच्या थरात चालते, आणि त्या थरात ताऱ्याचं जेमतेम दोन टक्के वस्तुमान असतं. खडकाळ ग्रह त्यात विरघळला की त्याचं लोह, मॅग्नेशियम, सिलिकॉन वरच राहतं आणि वर्णपटात दिसतं. पण एकट्या ताऱ्यात लोह जास्त दिसलं म्हणून काही सिद्ध होत नाही. तो जन्मतःच तसा असू शकतो. म्हणून जुळे तारे शोधायचे. एकाच ढगातून जन्मलेल्या दोन ताऱ्यांचं रसायन सारखंच असायला हवं.

एचडी २४०४३० आणि एचडी २४०४२९ ही अशीच जोडी. २०१७ मध्ये प्रिन्स्टनच्या सम्यंग ओ यांच्या गटाने दाखवलं की पहिल्यात खडक घडवणारी मूलद्रव्यं भरपूर जास्त आहेत, पण सहज वायूरूप होणारी मूलद्रव्यं मात्र जोडीदाराएवढीच. हिशेब आला सुमारे १५ पृथ्व्यांएवढा खडक. पोटची पोरं गिळणाऱ्या ग्रीक दैवतावरून त्याला क्रोनॉस म्हणतात. २०२४ मध्ये फॅन लिऊ आणि सहकाऱ्यांनी अशा ९१ जोड्या तपासल्या आणि जवळपास आठ टक्क्यांत अशी खूण सापडली. बारात एक! ग्रहमाला सुखेनैव अब्जावधी वर्षं चालतात ही आपली समजूत या आकड्याने बरीच हलते.

आपल्या सूर्याचं काय, हा प्रश्न इथे येणारच. श्र्योडर आणि स्मिथ यांच्या २००८ च्या गणितानुसार सुमारे ७५९ कोटी वर्षांनी सूर्याची त्रिज्या आजच्या २५६ पट होईल, म्हणजे पृथ्वीच्या आजच्या कक्षेपलीकडे. तोवर सूर्याने एक तृतीयांश वस्तुमान उधळलेलं असेल आणि त्यामुळे पृथ्वीची कक्षा दीड खगोलीय एककापर्यंत रुंदावायला हवी. पण भरतीची ओढ ही कमाई खाऊन टाकते आणि त्यांच्या गणितात पृथ्वी गिळली जाते. बुध आणि शुक्र यांच्याबद्दल तर वादच नाही. तरी अपवाद असतात. ध्रुवमत्स्य तारकासमूहातल्या ८ उर्से मायनोरिस या ताऱ्याभोवतीचा हाला नावाचा ग्रह ९३ दिवसांत फिरतो. त्याचा तारा एकदा ०.७ खगोलीय एककापर्यंत फुगून आकसलेला असावा अशा अवस्थेत आहे. ग्रह आहे ०.५ च्या आत. तो वाचला कसा, याचं एक स्पष्टीकरण असं की तिथे मुळात दोन तारे होते आणि त्यांच्या विलीनीकरणामुळे ते फुगणंच टळलं.

पायरी ८: वॅस्प-१२ बी ची वेळ स्वतः टिपा

हा ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश सुमारे १.४ टक्क्यांनी घटतो. हे अधिक्रमण तीन तास चालतं. ताऱ्याची प्रत, म्हणजे तेजाचं माप, ११.७ आहे, तेव्हा २० सेंटीमीटरची दुर्बीण, मागोवा घेणारं माउंट आणि साधा सीमॉस खगोल-कॅमेरा पुरतो.

आपल्याकडे योग्य काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरच्या अखेरीस हा तारा मध्यरात्री माथ्यावर येतो. पुण्यातून त्याची उंची जवळपास ७९ अंश होते. सारथी आणि मिथुन यांच्या सीमेजवळ विषुवांश ६ तास ३० मिनिटं, क्रांती उत्तर २९ अंश ४० कला (आकाशातले रेखांश-अक्षांश), असा त्याचा पत्ता आहे. शहराचा उजेड अडचणीचा आहे, पण धूर आणि पातळ ढग त्याहून वाईट. एकट्याने जमणार नसेल तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ अशा संस्थांत सोबत मिळते.

रात्र निवडताना एक सोय लक्षात ठेवा. रोज अधिक्रमण २ तास १२ मिनिटं उशिरा होतं, पण ११ फेऱ्या १२ दिवसांना जवळजवळ बरोबर बसतात. म्हणजे एक चांगली रात्र सापडली की बारा दिवसांनी तीच वेळ पुन्हा येते, फक्त आठ मिनिटं उशिरा. अंदाजित वेळा एक्सोप्लॅनेट ट्रान्झिट डेटाबेस या संकेतस्थळावर मिळतात.

अधिक्रमणाच्या तासभर आधी सुरू करा आणि संपल्यावर तासभर थांबा. तळरेषा, म्हणजे ताऱ्याचं नेहमीचं तेज, दोन्ही बाजूंना नसेल तर मध्य नीट निघत नाही. लाल फिल्टर लावा, फोकस किंचित ढिला ठेवा, ३० ते ६० सेकंदांचं एक्स्पोजर द्या आणि तारा संतृप्त होत नाही ना ते पाहा. तारा शक्यतो सगळी रात्र त्याच पिक्सेलवर राहू द्या. जर्मन माउंट असेल तर तारा मध्यमंडल (माथ्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना दुर्बीण उलटवावी लागते. ती वेळ प्रकाश घटण्याच्या किंवा वाढण्याच्या वीस मिनिटांत येणार असेल तर सरळ दुसरी रात्र निवडा. फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजेडाचं, धुळीचे डाग वजा करण्यासाठीचं छायाचित्र) घ्यायचा कंटाळा करू नका, १.४ टक्क्यांच्या खेळात धुळीचा एक कणही निकाल बिघडवतो. कॅमेऱ्याचा संगणक जीपीएसशी किंवा इंटरनेट वेळेशी जुळवलेला हवा.

नंतर अ‍ॅस्ट्रोइमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर वापरून शेजारच्या, तेवढ्याच तेजाच्या आणि जवळपास त्याच रंगाच्या ताऱ्यांशी तुलना करा आणि अधिक्रमणाचा मध्य काढा. चांगल्या रात्री एक-दोन मिनिटांपर्यंत अचूकता मिळते.

इथे सगळ्यात मोठा सापळा आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे ताऱ्याचा प्रकाश कधी आपल्याकडे आधी पोहोचतो, कधी उशिरा. वॅस्प-१२ क्रांतिवृत्ताजवळ असल्याने हा फरक आठ मिनिटांपर्यंत जातो. डिसेंबरमध्ये पृथ्वी ताऱ्याच्या बाजूला असते, म्हणून दुरुस्ती न करता वेळ नोंदवली तर अधिक्रमण आठ मिनिटं लवकर झालं असं दिसेल आणि ग्रह भराभर बुडतोय असा खोटा आनंद होईल. प्रत्येक वेळ बॅरिसेंट्रिक ज्युलियन दिनांकात, म्हणजे सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावरून मोजलेल्या सलग दिवसांत, बदला. त्यात घड्याळाच्या मापांतला आणखी ६९ सेकंदांचा फरकही धरलेला असतो. सॉफ्टवेअर तो लावतं की नाही ते एकदा तपासून घ्या.

आता स्प्रेडशीट. २००८ पासूनच्या प्रसिद्ध झालेल्या मध्य-वेळा एका स्तंभात, फेरीचा क्रमांक दुसऱ्यात, आणि शेवटी तुमचा बिंदू. आधी सरळ रेषा बसवा. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा आलेख काढला की मधले बिंदू वर आणि दोन्ही टोकं खाली लोंबताना दिसतात. १७ वर्षांच्या नोंदींत टोकांकडचा फरक चार मिनिटांच्या आसपास जातो. मग वर्गपद घालून पाहा. त्याचा गुणक उणे अर्ध्या अब्जांश दिवसाच्या जवळ यायला हवा. त्याची दुप्पट म्हणजे दर फेरीला ग्रहाच्या वर्षात पडणारी घट. तिला पृथ्वीच्या एका वर्षातल्या ३३५ फेऱ्यांनी गुणून सेकंद केले की तेच २९ मिलिसेकंद हाती येतात.

फक्त पहिल्या शोधातला परिभ्रमणकाळ घेऊन आजची वेळ ताडून पाहायचा मोह टाळा. त्या जुन्या आकड्यातली चूक सेकंदाच्या काही दशांशाएवढीच होती, पण साडेपाच हजारांहून जास्त फेऱ्यांनी गुणली की ती २५ मिनिटांच्या घरात जाते आणि खरा फरक तिच्यात बुडून जातो.

वक्र खाली झुकला म्हणजे ग्रह बुडतोय, असंही लगेच म्हणता येत नाही. लंबवर्तुळाकार कक्षा सावकाश फिरत असेल तरीही काही काळ असाच वक्र दिसतो. त्याला कसोटी अशी: ग्रह ताऱ्यामागे लपतो त्या वेळाही मोजायच्या. कक्षा नुसती फिरत असेल तर समोरून जाण्याच्या वेळा लवकर होताना मागे लपण्याच्या वेळा उशिरा होतील. कक्षा आकसत असेल तर दोन्ही लवकर होतील. स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने दोन्ही लवकर होताना पाहिल्या. दुसरी शक्यता ही की अख्खी ग्रहमाला वाढत्या वेगाने आपल्याकडे येत असावी. ताऱ्याच्या वेगाच्या मोजमापांनी तीही बाद केली. लपण्याच्या वेळा टिपणं गच्चीवरच्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेरचं आहे, पण अधिक्रमणांची मालिका लांबवत नेणं आपल्या हातात आहे. काढलेली वेळ, तिची चूकमर्यादा आणि मूळ मोजमापं एक्सोप्लॅनेट ट्रान्झिट डेटाबेस किंवा एक्सोक्लॉक प्रकल्पाकडे पाठवा. वक्राचा गुणक दर हंगामाला थोडा पक्का होतो, तो अशाच बिंदूंमुळे.